दोन रात्री गाडीत, एक दिवस समुद्रावर: सोलापूरकरांनी किनारा कसा निवडावा

सोलापूरला कुठलाच समुद्र जवळचा नाही. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची तर साडेतीनशे किलोमीटर. पुण्यावरून अलिबाग म्हटलं तर चारशेच्या घरात. भाड्याची गाडी, दोन मुक्काम, दोन खोल्या असा हिशोब मांडला की दिवाळीचा बेत उन्हाळ्यावर जातो आणि उन्हाळ्याचा पुढच्या दिवाळीवर. आपल्याकडे साठी ओलांडलेली कितीतरी माणसं अशी आहेत, ज्यांनी पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर कधी चुकवलं नाही, पण समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला. मला हे फार लागतं, कारण असं राहून जावं एवढा समुद्र आपल्यापासून लांब नाही.

आपल्याकडे सिद्धेश्वर एक्सप्रेस आहे. रात्री जेवून स्टेशनवर जायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसभर समुद्रावर राहायचं आणि त्याच नावाच्या गाडीनं रात्री निघून दुसऱ्या सकाळी सोलापुरात. मुक्कामाचा खर्च शून्य. कुर्डुवाडीच्या मंडळींनाही हीच गाडी सोयीची. मात्र हातात दिवस एकच असतो, म्हणून किनारा चुकला तर तो दिवस परत मिळत नाही. नावाजलेला किनारा, फोटोत छान दिसणारा किनारा, शेजाऱ्यांनी सांगितलेला किनारा, ह्यावर निवड करू नये. बरोबर कोण आहे, त्या दिवशी भरती-ओहोटी किती वाजता आहे, आणि रात्रीच्या गाडीपर्यंत निवांत परत येता येतं का, ह्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की किनारा आपोआप ठरतो. त्यातही मधला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

बरोबर कोण आहे

कागदावर नावं लिहा आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा: ह्या माणसाला समुद्रावर काय करायचं आहे? आजीला पाय भिजवून बसायचं असतं. पाच-सहा वर्षांच्या पोरांना वाळू हवी असते, पाणी दुय्यम. बारा-पंधराच्या मुलांना लाटांत घुसायचं असतं. वडिलांना किल्ला बघायचा असतो. आणि घरातल्या बाईला, जिला सहसा कुणी विचारतच नाही, तिला बहुतेक वेळा सावलीत बसून दोन तास कुणी काही न मागता समुद्र बघायचा असतो. तिचं नाव यादीत आधी लिहा.

सर्वांत कमी चालू शकणारं माणूस कोण, त्यावरून अंतर ठरतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बोटीत चढ-उतार, मग बस, मग मऊ वाळूतली चाल हे सगळं जमणार नसेल तर अलिबाग सोडा आणि मुंबईतलाच किनारा धरा. त्यात कमीपणा काही नाही. गिरगाव चौपाटीवरून दिसणारा अरबी समुद्र तोच आहे.

तारीख ठरवण्याआधी तिथी बघा

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. चढायला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, उतरायलाही साधारण तेवढाच. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीची वेळही रोज तेवढीच पुढे सरकते. म्हणून सकाळी अकराला पाणी आत गेलेलं आहे, पोरं ओल्या वाळूवर क्रिकेट खेळताहेत असा जो किनारा तुम्हाला कुणी सांगितला, तोच किनारा आठवड्यानंतर सकाळी अकराला भिंतीपर्यंत पाण्यानं भरलेला असू शकतो.

आपल्या घरात कालनिर्णय असतं, एकादशी-चतुर्थी सगळ्यांना पाठ असते. तेवढ्यावर भरतीची वेळ काढता येते. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब असा: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. शुद्ध असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. चतुर्थी म्हणजे चारची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण तारीख ठरवायला पुरतो. जायच्या आदल्या दिवशी मुंबईच्या वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर त्या दिवसाची नेमकी वेळ बघून घ्यायची.

आता हे आपल्या दिवसाला लावून बघा. तुम्ही किनाऱ्यावर पोहोचणार सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, आणि निघणार दुपारी चार-पाचला. बायकामुलांना घेऊन पाण्यात उतरायला बरी वेळ म्हणजे पूर्ण ओहोटीनंतर पाणी परत चढायला लागतं ते पहिले दोन-तीन तास. तेव्हा पाण्याचा एकंदर रोख जमिनीकडे असतो आणि वाळूही भरपूर उघडी असते. पाणी उतरत असताना रोख आत, समुद्राकडे असतो. तेव्हा फिरावं, शिंपले वेचावेत, किल्ला बघावा, पण पोरांना कमरेएवढ्या पाण्यात सोडू नये.

नवमी ते एकादशी घेतली तर ओहोटी दुपारी एक ते अडीचच्या दरम्यान येते. सकाळी ओसरत्या पाण्यात भटकंती, जेवण, आणि मग चढत्या पाण्यात डुंबणं, असा दिवस छान बसतो. पंचमी-षष्ठीला ओहोटी सकाळी दहाच्या आसपास असते, म्हणजे पोहोचल्या पोहोचल्या पाण्यात जाता येतं आणि दुपारचं ऊन चढायच्या आत आटपता येतं. लहान मुलं असतील तर मी हेच दिवस सुचवेन.

पौर्णिमेला आणि अमावास्येला मात्र, आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस, समुद्राला उधाण असतं. पाणी नेहमीपेक्षा जास्त चढतं, नेहमीपेक्षा जास्त उतरतं, त्यामुळे ओढही जास्त. शिवाय बाराला भरती म्हणजे दुपारभर पाणी उतरत राहणार, नेमकं तुम्ही किनाऱ्यावर असताना. पौर्णिमेचा चंद्र समुद्रावर बघायची हौस मला समजते, पण एका दिवसाच्या सहलीत तुम्ही चंद्र चढायच्या आत दादरच्या गर्दीत असाल. अष्टमीच्या आसपासच्या आणि त्यापुढच्या एक-दोन दिवसांच्या मंद पाण्याला भांग म्हणतात. नवख्या माणसांसाठी भांगाचे दिवस सर्वांत बरे.

एकादशीबद्दल एक काळजी. उपवास असताना दिवसभर उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात राहू नये, चक्कर येते. घरात उपवास करणारं माणूस असेल तर दशमी धरा. कार्तिकीच्या आसपास पंढरपूरच्या गर्दीनं गाड्या भरलेल्या असतात, तेही लक्षात असू द्या.

महिन्याचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर अजिबात नाही. राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांच्या होड्या जेव्हा वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा आपण हौसेनं पाण्यात उतरायचं नसतं. एप्रिल-मे आपल्याला फसवतो. बेचाळीस अंशात राहिलेल्या माणसाला चौतीस काहीच वाटत नाही. पण सोलापूरचं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. तिकडे हवा दमट, घाम अंगावरच राहतो, आणि दोन तासांत माणूस गळून जातो.

कोणता किनारा कुणासाठी

मुंबईत उतरल्यावर एका दिवसात जाऊन येण्यासारखे किनारे बरेच आहेत. मला जे उपयोगाचे वाटतात तेवढेच घेतो.

गिरगाव चौपाटी बसण्यासाठी. सीएसएमटीवरून टॅक्सीनं थोड्या वेळात पोहोचता येतं, चर्नी रोड स्टेशन तर समोरच. पाण्यात जाऊ नका, शहराचं सांडपाणी समुद्रातच जातं. आजी-आजोबांना सकाळी आठ-नऊला इथे आणा, ऊन चढेपर्यंत बसवा, मग मरीन ड्राइव्हनं एक चक्कर. बाकीचा दिवस महालक्ष्मी आणि सिद्धिविनायकात जातो, आणि तेही त्यांना हवंच असतं.

जुहू म्हणजे लांब, सपाट, गर्दीचा. दादरला उतरून पश्चिम रेल्वेनं सांताक्रूझ किंवा विलेपार्ले, पुढे बस-रिक्षा. इथे जीवरक्षक असतात, खाण्यापिण्याची सोय असते. पाणी इथलंही आंघोळीचं नाही, पाय भिजवण्यापुरतं. रविवारी संध्याकाळी जुहूला माणसांशिवाय काही दिसत नाही, त्यामुळे शक्यतो आठवड्यातला मधला दिवस आणि सकाळ.

मालाडजवळच्या आक्साचं नाव तुम्हाला कुणीतरी सुचवेल. दिसायला सुंदर आहे. पण तिथे वाळूचे बांध सारखे जागा बदलतात, पाण्याखाली खड्डे पडतात, ओढ जबरदस्त असते, आणि माणसं बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आल्या आहेत. समुद्राची सवय नसलेल्या कुटुंबानं आक्सा यादीतून काढून टाकावा. त्यावर चर्चाही करू नये.

गोराईला जायचं तर बोरिवलीहून खाडीपर्यंत, मग छोट्या बोटीनं पलीकडे आणि पुढे रिक्षा. जवळच विपश्यनेचा मोठा पॅगोडा आहे. ज्यांना पॅगोडा बघायचाच आहे त्यांनी किनारा जोडून घ्यावा. नुसत्या किनाऱ्यासाठी एवढी उलाढाल मी करणार नाही.

केळवे मला मनापासून आवडतं. पालघर जिल्ह्यात, सुरूच्या बनाला लागून. विरारच्या पुढे जाणाऱ्या डहाणू लोकलनं केळवे रोड स्टेशन, तिथून रिक्षा. सुरूच्या सावलीत सतरंजी टाकून दिवस काढता येतो, शितलादेवीचं देऊळ जवळ आहे, आणि गावात घरगुती जेवण मिळतं. अडचण वेळेची. ह्या लोकल कमी आहेत. एक चुकली तर बराच वेळ स्टेशनवर जातो. जाताना परतीच्या दोन-तीन गाड्यांच्या वेळा लिहून घेतल्याशिवाय स्टेशन सोडू नका. आणि इथेही पाण्याला ओढ आहे, गुडघाभर पाण्यापुढे जाऊ नये. घरात शांतता आवडणारी माणसं असतील तर केळवे.

पहिल्यांदाच समुद्र बघणाऱ्या, मुलंबाळं आणि धडधाकट आजी-आजोबा असलेल्या घरासाठी माझं उत्तर अलिबाग. एकाच दिवसात बोट, किल्ला आणि वाळू तिन्ही मिळतं. गेटवेहून मांडव्याला बोटीनं साधारण तासभर लागतो, आणि बऱ्याच बोटवाल्यांच्या तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतची बस असते. ती बोट हाच अर्धा आनंद आहे. गेटवे आणि ताज मागे लहान होत जातात, नौदलाच्या बोटी आणि मोठी जहाजं बाजूनं दिसतात, आणि सीगल पक्षी हिवाळ्यात बोटीच्या मागे लागतात. उजनीवर रोहित बघितलेल्या पोरांना हे पक्षी लगेच भावतात. पावसाळ्यात ही बोटसेवा बंद असते.

अलिबागचा किनारा काळसर, घट्ट वाळूचा आणि सपाट आहे. समोर पाण्यात कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात बांधायला घेतलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झालेला. आपल्या भुईकोटाला जसा खंदक, तसा ह्या किल्ल्याला समुद्र, फक्त हा खंदक दिवसातून दोनदा आटतो. आत गणपतीचं मंदिर आहे आणि गोड्या पाण्याची विहीर आहे. चहूबाजूंनी खारं पाणी असताना आतलं पाणी गोड कसं, हे पोरांना तिथेच विचारायला लावा.

किल्ल्यावर पायी जाता येतं ते ओहोटीलाच. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा, आणि पाणी फिरलं की लगेच परत फिरा. आत रमून बसलेली माणसं भरतीनं अडकतात, मग बोटीची वाट बघावी लागते. भांगाच्या दिवसांत ओहोटी कमी उतरते, वाटेत थोडं पाणी राहतं. ते गुडघ्याच्या वर असेल तर पायी जाऊ नका. घोडागाडी किंवा बोट असते, किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा आणि तो नको म्हणाला तर नकोच.

अलिबागच्या किनाऱ्यावर गर्दी वाटली तर वरसोली जवळच आहे आणि शांत आहे. नागावला पाण्यावरचे खेळ जास्त; बनाना बोट वगैरेवर बसणार असाल तर प्रत्येकाच्या जॅकेटचे सगळे बंद स्वतःच्या हातानं बांधून बघा, सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघतं. किहीम मांडव्याकडून येतानाच लागतं. ज्येष्ठ पक्षीतज्ज्ञ सालिम अली ह्यांनी सुगरणींचा प्रसिद्ध अभ्यास ह्याच गावात केला. एका दिवसात दोनपेक्षा जास्त किनारे धरू नका, नाहीतर दिवस रिक्षात जातो.

रत्नागिरीकडे मी ह्या लेखात वळत नाही, कारण ते एका दिवसाचं काम नाही. दोन मुक्काम जमले तर जा, भाट्ये आणि आरे-वारे बघाच. गणपतीपुळ्याला देवदर्शन करा, पण तिथल्या पाण्यात उतरू नका. किनारा झपकन खोल होतो आणि लाटा अंगावर फुटतात.

वेळेचं गणित

सिद्धेश्वरची जायची आणि यायची दोन्ही तिकिटं एकदमच काढा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि आता तिथी काढता येत असल्यामुळे एवढं आधी ठरवणं अवघड नाही. शुक्रवार-शनिवारची रात्र टाळता आली तर गाडीतही जागा मिळते आणि किनाऱ्यावरही.

गाडी सकाळी सातच्या आत-बाहेर मुंबईत येते. तासभर उशीर झाला तरी चालेल असाच बेत धरा. सीएसएमटीच्या प्रतीक्षालयात तोंड धुऊन, कपडे बदलून, चहा-नाश्ता करून गेटवेला टॅक्सीनं जायचं. आठ-साडेआठची बोट धरली की दहाच्या सुमाराला अलिबाग. मांडव्याच्या खिडकीवर उतरल्याबरोबर परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते विचारा आणि त्याच्या आधीची बोट आपली समजा. दुपारी साडेतीन-चारला किनारा सोडला की संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत आरामात गेटवे. जेवायला वेळ उरतो.

पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

किनाऱ्यावर आल्या आल्या पोरं धावतात. त्यांना पंधरा मिनिटं थांबवा आणि त्यांनाच कामाला लावा.

एक काडी घ्या. लाट जिथपर्यंत येऊन परत जाते तिथे वाळूत रोवा. पाच-सात लाटा बघा, कारण एखादी लाट उगाच लांब येते. दहा मिनिटांनी काडी पाण्यात असेल तर भरती चालू आहे; काडी कोरडी पडली असेल आणि तिच्या पुढची वाळू अजून ओली, चकचकीत असेल तर ओहोटी. तोवर पोरांना वर, उघड्या पडलेल्या वाळूत नेऊन दाखवा. ज्वारीच्या दाण्याएवढे वाळूचे हजारो गोळे, मधे एक बारीक भोक आणि भोवती गोळ्यांच्या ओळी. लहान खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूचे गोळे मागे टाकतात. प्रत्येक भरतीला ही नक्षी पुसली जाते आणि ओहोटीला पुन्हा काढली जाते. गोळे शाबूत आहेत तिथवर ह्या ओहोटीनंतर पाणी आलेलं नाही. पण भरती आली की ही जागा पाण्याखाली जाते, म्हणून जेवणाची सतरंजी आणि चपला इथे ठेवू नका. त्याही वर, सुकलेल्या शेवाळाची आणि काड्याकचऱ्याची जी रेघ दिसते ती मागच्या भरतीची हद्द; सतरंजी आणि चपला तिच्याही वर.

मग लाटांकडे बघा. लाटा लांबवर फुटून पांढऱ्या ओळींनी हळूहळू येत असतील तर किनारा सपाट आहे, खोली सावकाश वाढते. लाट अगदी काठाशी येऊन एकदम उंच होऊन आदळत असेल तर काठालाच उतार आहे. तिथे मुलांनी आणि म्हाताऱ्यांनी जाऊ नये. आणि फुटणाऱ्या पांढऱ्या लाटांच्या मधेच एखादा पट्टा गडद, शांत, लाट न फुटणारा दिसला तर सर्वांना बोटानं दाखवा. नवख्या माणसाला वाटतं हीच आंघोळीला चांगली जागा. किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत समुद्रात जातं ते तिथूनच, आणि माणसाला घेऊन जातं. रिप करंट म्हणतात तो हाच.

सर्वांत शेवटी आजूबाजूला. खाडीचं तोंड जवळ आहे का? असेल तर त्यापासून लांब. खडक शेवाळलेले आहेत का? लाल बावटा आहे का? जीवरक्षक कुठे बसतो? आणि जाळं विणत बसलेल्या एखाद्या कोळीदादाला नमस्कार करून विचारा: दादा, पोरांना कुठं उतरवू? त्याच्या उत्तरापुढे ह्या लेखातलं काही खरं मानू नका.

विहिरीत पोहणाऱ्यांनी हे वाचाच

आपल्याकडची पोरं विहिरीत, कालव्यात, हिप्परग्याच्या तलावात पोहायला शिकतात, आणि चांगली पोहतात. समुद्रात हीच पोरं जास्त धोक्यात येतात, कारण त्यांना पोहता येतं. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. समुद्रात तुम्ही न हलता दहा मिनिटांत पन्नास पावलं बाजूला गेलेले असता. म्हणून काठावर एक ठळक खूण धरा, झाड किंवा टपरी, आणि दर थोड्या वेळानं ती समोर आहे का बघा.

विहिरीसारखा सूर मारायचा नाही. खाली वाळूचा बांध कुठे वर आला आहे ते दिसत नाही, मानेला मार बसतो.

ओढीत सापडलात तर काठाकडे तोंड करून जीव तोडून पोहू नका. तिच्यापुढे कुणाचं चालत नाही, फक्त दम जातो. अंग सैल सोडा, तरंगा, हात वर करून हाक द्या. ओढ अरुंद असते. काठाला समांतर, आडवं पोहत तिच्या बाहेर या आणि मग लाटांबरोबर काठाला. दुसरं कुणी सापडलं तर मागोमाग उडी घेऊ नका, एकाच घरातली दोन-तीन माणसं अशीच जातात. रिकामा प्लास्टिकचा कॅन, टायरची ट्यूब, दोरी, जे तरंगेल ते फेका आणि जीवरक्षकाला बोलवा. फोन ११२; तटरक्षक दलाचा १५५४.

साडी नेसलेल्या बायकांनी पोटरीपर्यंतच्या पाण्यापुढे जाऊ नये. ओली साडी पायांत अडकते आणि जड होते. सलवार-कमीज त्यापेक्षा बरी. आजीला पाण्यात उभं करताना दोघांनी दोन बाजूंनी धरा, तोंड समुद्राकडे ठेवून. लाट परत जाताना टाचांखालची वाळू उकरून नेते, आणि स्थिर उभं असलेलं माणूसही मागे कलंडतं. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करून कुणी उभं राहायचं नाही.

जेलीफिश चावली तर चोळू नका, गोडं पाणी टाकू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुऊन दवाखाना गाठा. वाळूवर पडलेली, फुग्यासारखी निळी दिसली तरी पोरांना हात लावू देऊ नका.

पिशवीत

कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दोन दिवस काही होत नाही, आणि किनाऱ्यावर भूक अशी लागते की विकतचं पुरत नाही. पाणी माणशी दोन लिटर. टोपी, कपड्यांचे दोन जोड, प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या झालेली एखादी जुनी सोलापुरी चादर अंथरायला आणि टॉवेल मात्र चांगले. चपला रबरी. सोनं घरी ठेवा. खाऱ्या पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी निसटली कळत नाही.

बोट चुकलीच तर

घाबरू नका. अलिबागच्या एसटी स्टँडवरून पनवेलची गाडी धरा, पनवेलहून ठाण्याची लोकल असते, आणि सिद्धेश्वर ठाण्याला थांबते. असं करायची वेळ आली तर डब्यात चढल्याबरोबर आधी तिकीट तपासनीसाला गाठा, म्हणजे जागा दुसऱ्याला दिली जाणार नाही. रस्त्याला वाहतूक लागते, म्हणून हा निर्णय संध्याकाळी पाचच्या आत घ्यायचा, सातला नाही.

गाडीत बसण्याआधी सीएसएमटीला सगळ्यांचे पाय, विशेषतः पोरांच्या बोटांमधली वाळू, गोड्या पाण्यानं धुऊन कोरडी करा. नाहीतर रात्रभर मीठ चुरचुरतं आणि बर्थवर कुणालाच झोप लागत नाही.